ताटाएवढं कातडं, पंचवीस हात वादी

गॅदरिंगला चार दिवस उरलेले असताना हॉस्टेलच्या तबल्याची वादी तुटली. ज्यांना वादी म्हणजे काय हे माहीत नाही (मेकॅनिकलच्या निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं), त्यांच्यासाठी सांगतो. तबल्याच्या वरच्या पुडीपासून बुडाच्या कडीपर्यंत जो चामड्याचा पट्टा सतत वर-खाली फिरलेला असतो, ती वादी. पुडीच्या गजऱ्यात तिच्यासाठी सोळा घरं असतात. प्रत्येक घरातून एकदा वर, एकदा खाली, म्हणजे बाहेरून मोजले तर बत्तीस पदर दिसतात. आठ गट्टे, आणि प्रत्येक गट्ट्यावरून चार पदर. मोजून बघा, बरोबर बत्तीस येतात.

आता गंमत अशी की हे बत्तीस पदर बत्तीस वेगळे पट्टे नसतात. ती एकच अखंड वादी असते. तबल्याची उंची सत्तावीस सेंटिमीटर धरली, तर ३२ गुणिले २७ म्हणजे ८६४ सेंटिमीटर. गाठीला आणि ओढायला थोडी जास्त धरली की नऊ-साडेनऊ मीटर झाली. एवढ्या लांबीत एकही जोड चालत नाही. जोड घरातून सरकत नाही, आणि सरकला तरी ताण पहिल्यांदा तिथेच सुटतो.

म्हशीची लांबी किती? कातडं सपाट अंथरलं तर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन मीटरच्या आसपास. मग दोन मीटरच्या कातड्यातून नऊ मीटरची अखंड वादी निघते कशी? हा लेख या प्रश्नाबद्दल आहे. आणि थोडासा माझ्याबद्दलही.

बादलीतलं कातडं

शहरातल्या तबलेवाल्या काकांकडे आम्ही तिघं तबला घेऊन गेलो. काका म्हणाले, "ओवून देतो एका दिवसात, पण वादी संपलीय. यायला आठ दिवस." आमचा तबलजी रडकुंडीला आला. सेक्रेटरी म्हणाला, "नायलॉनची दोरी चालंल का?" यावर काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडीपर्यंत काही बोलला नाही.

मी मात्र गप्प होतो, कारण वादी कुठे मिळेल हे मला माहीत होतं. माझं गाव कागल तालुक्यात, कापशीच्या बाजूला. कापशी म्हटलं की कोल्हापुरात लोकांना चप्पल आठवते. माझे वडील, आबा, चप्पल करतात. आजोबाही तेच करायचे, शिवाय शेतकऱ्यांच्या मोटेचं, बैलाच्या पट्ट्यांचं काम असायचं. पण फर्स्ट इयरला हॉस्टेलच्या ओळख परेडमध्ये "वडील काय करतात?" असं विचारलं तेव्हा मी "बिझनेस" असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, हे मला रात्री झोपताना कळायचं.

दोन तास विचार केला आणि आबांना फोन लावला. म्हटलं, "आबा, तबल्याची वादी पाहिजे. उद्या." आबा म्हणाले, "कच्चं कातडं हाय घरात. पर वादी हितनं कापून पाठवू, का तितं येऊ?" मी म्हणणार होतो, पाठवा. पण मागे तबलजी उभा होता, तो ओरडला, "काकांना इकडंच बोलवा की! बघायला मिळेल!" झालं. आबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने आले. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वाळकं, पत्र्यासारखं ताठ कातडं, एक रापी आणि धार लावायचा दगड.

रात्रभर ते कातडं कॉमन बाथरूममधल्या बादलीत भिजत पडलं. सकाळी आंघोळीला उठलेल्यांनी जी आरडाओरड केली तिचं वर्णन या अंकात छापण्यासारखं नाही.

कच्चं आणि कमावलेलं

वादी समजून घ्यायची तर आधी कातडं समजून घ्यावं लागतं. कातडं म्हणजे तंतूंचं जाळं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ताजं कातडं तसंच ठेवलं तर दोन दिवसांत कुजतं. म्हणून मीठ लावतात, मग चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सोडवतात आणि आतल्या बाजूचं मांस खरवडून काढतात. इथपर्यंत आलं आणि ताणून वाळवलं की ते "कच्चं" कातडं. भिजवलं तर मऊ, वाळलं तर लाकडासारखं. तबल्याला हेच लागतं, कारण ओली वादी ओढून बांधली की वाळताना ती आकसते आणि ताण धरून ठेवते. आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये क्रीप शिकतो ना, सतत भाराखाली पदार्थ हळूहळू लांबत जाणं, ते वाळलेल्या कच्च्या वादीत कमी असतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन ती जरा सैलावते, म्हणून तबला उतरतो आणि वादक हातोडी घेऊन बसतो.

चपलेचं कातडं वेगळं. ते "कमवावं" लागतं. कोल्हापूरकडची जुनी पद्धत अशी की कातड्याची शिवून पिशवी करायची, ती टांगायची, आणि तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत राहतं आणि त्यातलं टॅनिन तंतूंना घट्ट चिकटून बसतं. मग ते कातडं कुजत नाही आणि वाळलं तरी लवचिक राहतं. यात रसायनांचे पिंप नाहीत की मोठे ड्रम नाहीत, फक्त साल, फळ, पाणी आणि कित्येक दिवसांचा धीर. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतल्या लोकांनीही या पिशवीच्या पद्धतीचा अभ्यास केला आहे. जुन्या काळी कातडं कमावणारा समाज वेगळा आणि त्याची वस्तू करणारा वेगळा अशी विभागणी होती. दोघांनाही गावाबाहेरच घरं, हे मात्र सारखं होतं.

गोल का?

सकाळी अकराला कॉमन रूममध्ये आबा मांडी घालून बसले. भोवती वीस-पंचवीस पोरं. कुणीतरी आमच्या मॅथ्सच्या सरांनाही वर्दी दिली होती, तेही येऊन मागे उभे राहिले. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

भिजलेला तुकडा साधारण चौकोनी होता, एक फुटापेक्षा जरा मोठा. आबांनी त्यावर मेसचं ताट उपडं ठेवलं, रापीच्या टोकाने भोवती रेघ ओढली आणि कोपरे कापून टाकले. कातड्याची तीस सेंटिमीटर व्यासाची गोल चकती राहिली.

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. चौरसातून वर्तुळ कापलं तर साडेएकवीस टक्के माल बाजूला पडतो, हे आम्हाला शीट मेटलमध्ये घोटून घेतलेलं. म्हटलं, "आबा, कोपरे कशाला कापले? चौकोनातच कडेकडेने कापत आलं तर?"

आबा वर न बघता म्हणाले, "कोपऱ्याची वादी कोपऱ्यातच तुटती, बाळा."

याचं स्पष्टीकरण नंतर सरांनी दिलं. चौकोनाच्या कडेने पट्टी कापत आलो की प्रत्येक कोपऱ्यात पट्टी काटकोनात वळते. सरळ ओढल्यावर त्या वळणाचा आतला कोन फाकतो, आणि सगळा ताण त्या एका टोकाशी गोळा होतो. यालाच आपण स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणतो. शाफ्टची जाडी बदलते तिथे फिलेट देतात, विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल करतात, ते याच कारणाने. आबांनी फिलेट दिला नाही, त्यांनी आख्खी वस्तूच फिलेट करून टाकली. आणि कोपरे वाया जात नाहीत. ते आबांच्या पिशवीत गेले, ठिगळाला, चकतीला, कशाला ना कशाला लागतात.

सर म्हणाले, "मामा, यातून किती निघेल वादी?"

आबांनी चकतीकडे एकदा बघितलं. "पंचवीस हात."

रापी, खिळा आणि अंगठा

आता कापण्याची पद्धत बघा. एका लाकडी ठोकळ्यात रापी उभी घट्ट रोवली. तिच्या पात्यापासून सहा मिलिमीटरवर एक खिळा ठोकला. चकतीच्या कडेला रापीने एक तिरका काप दिला, शून्यापासून सुरू होऊन हळूहळू सहा मिलिमीटर रुंद होत जाणारा. ती शेपटी पाते आणि खिळा यांच्या फटीतून पलीकडे काढली. बस. पुढे एकाने शेपटी ओढायची आणि दुसऱ्याने चकती खिळ्याला टेकवून फिरवत राहायची. पातं जागच्या जागी, चकती फिरते, आणि वादी उलगडत बाहेर येते. शेपटी ओढायचं काम तबलजीकडे गेलं.

लक्षात घ्या, इथे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या कडेवरून मोजली जाते. मध्ये कुठे आखणी नाही, कंपास नाही. आपण जिला आर्किमिडीजची सर्पिल रेषा म्हणतो, प्रत्येक फेरीला त्रिज्या ठरावीक मापाने कमी होणारी, ती आपोआप तयार होते.

पण याच सोयीत धोका आहे. कड हाच संदर्भ असल्यामुळे एका जागी हात हलला आणि कडेला खाच पडली, तर पुढच्या फेरीत पातं त्याच खाचेची नक्कल करतं. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा. एक चूक, आणि दर फेरीला त्याच ठिकाणी वादी बारीक. आपण सर्व्हेइंगमध्ये साखळीने मोजताना चूक साचत जाते ते शिकतो, तसंच. आबांना मी विचारलं की मग चुकलं तर काय करायचं. ते म्हणाले, "थांबायचं. कड परत गोल करून घ्यायची, मग फुडं. दोन हात जात्यात, पर बाकीची वाचती."

चुकलेलं तिथेच थांबून सरळ करायचं. हे वाक्य मी जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

सरांचा खडू

तोवर सरांनी खडू काढून फरशीवर गणित मांडलं होतं. त्यांनी दोन रीतींनी केलं, आणि दोन्ही आपल्याला येण्यासारख्या आहेत.

पहिली रीत. वादी कितीही वेटोळी असली तरी ती कापताना कातडं नाहीसं होत नाही. म्हणून लांबी गुणिले रुंदी बरोबर क्षेत्रफळ. चकतीची त्रिज्या १५ सेंटिमीटर, मधली ३ सेंटिमीटर त्रिज्या सोडायची (का, ते पुढे). क्षेत्रफळ ३.१४ गुणिले (२२५ वजा ९), म्हणजे साधारण ६७९ चौरस सेंटिमीटर. भागिले ०.६. उत्तर ११३१ सेंटिमीटर, सव्वाअकरा मीटरच्या किंचित पुढे.

दुसरी रीत. पंधरावरून तीनपर्यंत, म्हणजे बारा सेंटिमीटर आत जायचं, दर फेरीला ०.६. म्हणजे वीस फेऱ्या. सरासरी त्रिज्या नऊ. एका सरासरी फेरीचा परीघ साडेछप्पन्न सेंटिमीटर. गुणिले वीस. पुन्हा तेच, ११३१.

मग सर म्हणाले, "मामा, एक हात म्हणजे किती?" आबांनी कोपर ते मधल्या बोटाचं टोक दाखवलं. कुणीतरी पट्टी लावली, साडेपंचेचाळीस सेंटिमीटर. सव्वाअकरा मीटरचे हात किती होतात? पंचवीसला थोडे कमी.

कॉमन रूममध्ये दोन सेकंद कुणी बोललं नाही. सर आबांना म्हणाले, "तुम्ही हे कसं काढलंत?" आबा संकोचले. "काढलं न्हाई साहेब. ताटाएवढ्याला पंचवीस हात, ह्ये ठरल्यालंच हाय. आमच्या बापानं सांगिटलेलं."

तीच चकती सरळ पट्ट्यांत कापली असती तर एकूण लांबी जवळपास तेवढीच भरली असती, पण सगळ्यात लांब पट्टी तीस सेंटिमीटरची. क्षेत्रफळ सारखंच, फरक फक्त जोडांचा. सर्पिल कापण्याचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे. कातरणीतल्या छोट्या तुकड्यातूनसुद्धा लांब वादी निघते. म्हणूनच चप्पल करणारा कातड्यातून आधी तळ काढतो, मग कान आणि पट्टे, आणि उरलेल्या तुकड्यांतून वादी. जाड आणि मोठं काम आधी, वादी सगळ्यात शेवटी. आपल्या भाषेत हे नेस्टिंग.

मधला भाग का सोडायचा?

वीस फेऱ्या होताच आबांनी हात थांबवला. मध्ये सहा सेंटिमीटरची चकती उरली होती. तबलजी म्हणाला, "काका, अजून एक मीटर तरी निघेल की!" हिशोबाने निघाला नसता, अर्धाही निघाला नसता. कच्च्या हिशोबाला मी हसलो. आबा म्हणाले, "त्यात जीव न्हाई. वळत्यालं ऱ्हातंय."

यामागचं कारण मला फार आवडलं. वादी कापताना गोल असते, वापरताना सरळ. गोल पट्टीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते. किती लांब? एका फेरीत ३.१४ गुणिले २ गुणिले रुंदी, म्हणजे सहा मिलिमीटरच्या वादीला पावणेचार सेंटिमीटर. त्रिज्या कितीही असो, फरक तेवढाच! पृथ्वीला दोरी गुंडाळायचं जे कोडं शाळेत असतं, तेच हे. पण बाहेरच्या मोठ्या फेरीत हा पावणेचार सेंटिमीटरचा फरक जवळपास एक मीटर लांबीत वाटला जातो, आणि आतल्या छोट्या फेरीत एकोणीस सेंटिमीटरमध्ये. टक्केवारी काढायची तर रुंदी भागिले त्रिज्या. पंधरा सेंटिमीटरला चार टक्के, सहाला दहा टक्के, तीनला वीस टक्के.

सरळ ओढल्यावर आतली कड लांबली पाहिजे आणि बाहेरची आखडली पाहिजे. ओलं कातडं चार-पाच टक्के मुकाट्याने सोसतं. वीस टक्के सोसत नाही. मग वादी पिळा मारते, कडेला लाटा येतात, आणि घरातून ओवताना ती आडवी होते. कातडं ओलं असतानाच का कापायचं आणि लगेच का ओढायचं, याचंही उत्तर हेच.

कापून झाल्यावर आबांनी वादीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं धरून व्हरांड्यात मागे मागे चालत गेले. ओढलेली वादी मोजली तर पावणेबारा मीटर भरली. चार टक्के लांबली होती, आणि तेवढी किंचित बारीक झाली होती. म्हणून कापताना हव्या त्या मापापेक्षा केसभर रुंद ठेवतात.

आणखी एक गोष्ट. कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीचं घट्ट, पोटाचं सैल. कण्याच्या दिशेने ते कमी ताणतं, आडवं जास्त. सर्पिल वादी प्रत्येक फेरीत सगळ्या दिशांतून फिरते, त्यामुळे चकतीत थोडं पोट आणि थोडी पाठ आली, तर वादी हातभर घट्ट आणि हातभर सैल अशी निघते. म्हणून चकती पाठीच्या एकाच भागातून घ्यायची. उलट, बैलाच्या गळ्यातला पट्टा किंवा कमरेचा पट्टा यांना लांबी दोन मीटरच्या आतच लागते. ते सर्पिल कापायचे नाहीत, कण्यालगत सरळ रेघ धरून कापायचे.

राणी डिडोची जमीन

सरांनी एक गोष्ट सांगितली, ती इथे देतो. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज नावाचं शहर होतं. रोमन कवी व्हर्जिलने त्याच्या महाकाव्यात उल्लेख केलेली दंतकथा अशी की डिडो नावाची परागंदा राणी तिथे उतरली आणि तिथल्या लोकांकडून तिने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. लोक हसून हो म्हणाले. राणीने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने टेकडीच वेढली.

आता आपण हिशोब करू. कातडं साडेतीन चौरस मीटर धरा, वादी पाच मिलिमीटर. लांबी सातशे मीटर. एका बाजूला समुद्र असेल तर वादी अर्धवर्तुळात टाकायची, म्हणजे सगळ्यात जास्त जमीन येते. उत्तर साधारण ७८ हजार चौरस मीटर, म्हणजे एकोणीस एकर. आपल्याकडे एका बांधावरून दोन भावांची तीन पिढ्या कोर्टात जाते, तिथे एका बैलाच्या कातड्यावर एकोणीस एकर! दिलेल्या लांबीत जास्तीत जास्त क्षेत्रफळ कोणत्या आकाराचं, या गणितातल्या प्रश्नाला आजही डिडोचा प्रश्न म्हणतात. (दोन मिलिमीटरची वादी कापली तर किती एकर? उत्तर काढून सरांना दाखवा. रुंदी अडीचपट कमी झाली तर जमीन अडीचपट वाढत नाही, एवढं सांगतो.)

वादी कुठे गेली?

आजोबांच्या काळात वादीला आणि चामड्याच्या पट्ट्यांना गावात भरपूर काम होतं. विहिरीवर चामड्याची मोट होती, ती फाटली की आजोबांकडे यायची. बैलांची जुपणी, आसूड, घोड्याचं सामान, हलगीचं कातडं, सगळं चालायचं. मग ऑइल इंजिनं आली, विजेचे पंप आले. त्यांतली कितीतरी इंजिनं आपल्याच कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार झालेली. मोट गेली, तिच्याबरोबर तिचं कामही गेलं. एका इंजिनिअरिंगने दुसऱ्या इंजिनिअरिंगची जागा घेतली, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. उरली ती चप्पल. अस्सल कोल्हापुरी चपलेला खिळा लागत नाही. तळाची शिवण चामड्याच्या बारीक वादीनेच आरीने घातलेली असते, आणि पट्ट्यावरची वेणीही चामड्याचीच. आमच्या घरी वेणी आई घालते.

मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदीचा कायदा लागू झाला. म्हशीचं कातडं मिळतं, पण आबांना ते पूर्वीपेक्षा महाग पडतं. म्हणजे चकती कापताना हात हलणं आता जास्त महागात जातं. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचं मिळून ते आहे. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या चपलेसारख्याच सँडल दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे ओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. मी आबांना ही बातमी वाचून दाखवली. त्यांनी किंमत ऐकली, हातातली चप्पल उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "शिवण तर हीच हाय."

शेवटी

वादी घेऊन आम्ही त्याच दिवशी तबलेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ती बोटांतून पूर्ण सरकवून बघितली, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, आणि विचारलं, "कुणी कापली?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. चप्पल करतात."

हे वाक्य मी या शहरात पहिल्यांदाच उच्चारलं. एवढंसंच वाक्य आहे. त्याला दोन वर्षं लागली.

गॅदरिंगला तबला वाजला. पहिल्या रांगेत बसलेल्या कुणालाही बत्तीस पदर मोजायचं सुचलं नसेल, पण मी मोजले. मधली ती सहा सेंटिमीटरची चकती आता माझ्या टेबलावर चहाच्या कपाखाली असते. तिला अजून जरा वास येतो. रूम पार्टनरने तक्रार केली तर त्याला मी दोन गणितं घालतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कातडं नको. जर्नलचं एक कोरं पान घ्या, त्यातून मोठ्यात मोठं वर्तुळ कापा आणि कडेकडेने पाच मिलिमीटरची पट्टी कापत आत या. पाच सेंटिमीटरची मधली चकती सोडा. आधी हिशोबाने लांबी काढा, मग मोजा. कागद ताणत नाही, त्यामुळे पट्टी सरळ होणार नाही, वेटोळीच राहील. कातडं आणि कागद यांतला फरक तेव्हा हाताला कळेल.

आणि कापताना हात हलला तर? थांबायचं. कड परत गोल करून घ्यायची. मग पुढे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी